छोटा चटका, पोळणं आणि घरगुती उपाय: आधी काय, नंतर काय, अजिबात काय नाही

घोडबंदरकर

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दिवाळीचा फराळ क्लबहाउसमध्ये एकत्र करतात. चार शेगड्या, दोन मोठ्या कढया, दहा-बारा जणी, तीन दिवस काम. शेगडीशेजारच्या भिंतीवर एक कागद लावायचा आहे: तेल उडालं, वाफ लागली, झाऱ्याचा चटका बसला तर काय करायचं. ग्रुपवर सूचना मागवल्या तर कोरफड, मध, हळद, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, चहापूड, कणीक, खोबरेल, शतधौत घृत, केळीचं पान, चुन्याची निवळी एवढं सगळं आलं, आणि प्रत्येक जण आपल्या उपायावर ठाम. माहीतगारांनी कारणासकट लिहावं. वनस्पतींच्या उपायांना ना नाही, पण कागदावर जे जाईल ते चुकीचं नको.

पारसिक

पहिली ओळ पाण्याची, आणि तीच सगळ्यात मोठ्या अक्षरात. गार वाहतं पाणी, 20 मिनिटं, घड्याळ लावून.

तवा सुटला, तेल पुसलं तरी कातडीत शिरलेली उष्णता लगेच जात नाही. ती खालच्या थरांत उतरत राहते. वरवरचा चटका खोल होतो तो इथे. पाणी ती उष्णता बाहेर ओढून काढतं, सूज कमी ठेवतं आणि ठणकाही कमी करतं. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून हात काढून घेतला की आग परत सुरू होते, आणि मग लोक डब्यांकडे वळतात. 20 मिनिटं पूर्ण करा. लगेच जमलं नाही तरी भाजल्यापासून 3 तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, म्हणून "आता उशीर झाला" असं म्हणून सोडू नका.

धार पेन्सिलीएवढी. जोरात नको, फोड आला असेल तर फुटतो. धार भाजलेल्या जागेच्या जरा वर धरा आणि पाणी जागेवरून ओघळू द्या. पाण्याखाली असतानाच अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटाचा धागा काढा. सूज यायला वेळ लागत नाही, मग अंगठी कापावी लागते.

गरम तेलाने किंवा पाण्याने भिजलेला कपडा ताबडतोब उतरवा, तो उष्णता धरून बसतो. मात्र कातडीला चिकटलेला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा आणि वरून पाणी सोडा.

मासुंदा

बर्फ का नाही? घरोघरी तोच लावतात.

पारसिक

बर्फाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. भाजलेल्या कातडीला त्याच वेळी रक्त हवं असतं. वर बर्फ स्वतःही कातडी जाळतो, आणि जागा बधिर झाल्यामुळे ते कळत नाही. फ्रीजमधल्या थंडगार बाटलीची धारही थेट सोडू नका. 15 ते 25 अंशांचं पाणी पुरे. माठातलं पाणी उत्तम.

लहान मूल असेल तर अजून एक: भाजलेला भाग गार करायचा, मूल गार करायचं नाही. बाकी अंगाला कोरडी चादर गुंडाळा. ओलं अंग आणि वर पंखा यात बाळ पटकन गारठतं.

खारेगाव_टोलनाका

पाण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. दिवाळीच्या आधी ऑक्टोबर हीट असते. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा पाइप दुपारी तापलेला असतो आणि नळाला पहिली काही मिनिटं चक्क कोमट-गरम पाणी येतं. कुणी घाईने हात खाली धरला तर उलटंच व्हायचं. धार आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहा, गार लागली तरच पुढे.

दुसरं, आपल्याकडे पाण्याचा शटडाऊन असतोच. एक लिटरची बाटली एका मिनिटात भरेल एवढी धार ठेवली तर 20 मिनिटांना 20 लिटर लागतं, म्हणजे एक मोठी बादली आणि वर थोडं. नळ नसेल तर बादलीतून मगाने सावकाश ओता. तेवढंही नसेल तर हात पातेल्यात बुडवून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी अर्धं पाणी बदला, कारण हाताच्या उष्णतेने ते कोमट होत जातं. पोटावर, मांडीवर भाजलं असेल तर ओलं सुती फडकं घाला, पण दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा भिजवून. एकदा घातलेलं फडकं तिथेच तापून बसतं.

वैद्य_नेरूळ

वनस्पतींवर लिहितो, पण वर लिहिलेल्या पाण्यानंतरचं. ज्या उपायांची नावं आली आहेत त्यांतले काही चांगले आहेत, फक्त त्यांची वेळ चुकवली जाते. पहिल्या वीस मिनिटांत कोणतंही पान, तेल, तूप नाही.

एक शंका नेहमी येते म्हणून आधीच सांगतो. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यक्दग्ध, अतिदग्ध. त्यांतल्या प्लुष्टाला, म्हणजे नुसत्या होरपळीला, शेक सांगितला आहे. "चटका बसला की तोच भाग विस्तवापुढे धरा" असं जुनी माणसं म्हणतात, ते याच्याशी जुळतं. आज ते करू नये. उष्णतेने कातडीत काय होतं हे आता जास्त नीट कळलं आहे, आणि गार पाण्याचा फायदा प्रत्यक्ष मोजून पाहिलेला आहे. ग्रंथाचा मान ठेवूनच हे लिहितो आहे.

आता कोरफड. ती फक्त न फुटलेल्या कातडीवर: लाल झालं आहे, दुखतं आहे, पण फोड नाही किंवा फोड अखंड आहे. कातडी निघाली असेल तर घरची कोरफड नको.

पान झाडाच्या खालच्या, बाहेरच्या वळातलं घ्या. ते जाड आणि गराने भरलेलं असतं. बुंध्याशी कापलं की कापावरून पिवळा चीक गळायला लागतो. त्याला कडवट, उग्र वास असतो. हा चीक म्हणजे गर नव्हे. सालीच्या लगत आतून त्याच्या नळ्या असतात. तो कातडीला लागला की खाज येते, पुरळ उठतं आणि "मला कोरफड सोसत नाही" असं म्हणून लोक सोडून देतात. पान कापाची बाजू खाली करून पेल्यात 15-20 मिनिटं उभं ठेवा. पेल्याच्या तळाशी पिवळा थेंब जमलेला दिसेल. मग पान धुवा, दोन्ही काटेरी कडा कापा, वरची साल सुरीने सपाट काढा आणि गराची वडी पुन्हा वाहत्या पाण्याखाली धरा, बोटाला पिवळसर बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत. उरतो तो काचेसारखा पारदर्शक गर. हात साबणाने धुऊन, उकळलेल्या चमच्याने त्याचा पातळ थर द्या. चोळू नका. दिवसातून दोन-तीनदा पुरे. उरलेला टाकून द्या. फ्रीजमध्ये ठेवलाच तर एक दिवस, गुलाबी-तपकिरी झाला की नाही.

आधी कधी लावली नसेल तर चांगल्या कातडीवर, कोपराच्या आतल्या बाजूला, ठिपकाभर लावून बघा.

गच्चीबाग

कोरफडीच्या नावाखाली भलतंच झाड कापलं जातं, तेही कागदावर टाका. दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या दारात शोभेला घायपात लावलेलं असतं. लांबून दोन्ही सारखी दिसतात. घायपाताच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चांगल्या कातडीलाही फोड आणतात. ओळखायची खूण: पान मोडून बघा. कोरफड कट्कन मोडते आणि आत जेली दिसते. घायपात मोडत नाही, धागे निघतात, आणि टोकाला एकच काळा टणक काटा असतो.

बाल्कनीतल्या कुंडीत कबुतरांची विष्ठा पडते, ठाण्यात तर हमखास. अशा झाडाचं पान नको. नर्सरीतून नुकतं आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, ते महिनाभर तरी वापरू नका.

आणि इंटरनेटवर "कॅलेंडुला" वाचून कुणी झेंडूची फुलं वाटून लावायला सांगतात. आपला झेंडू म्हणजे कॅलेंडुला नव्हे, झाडच वेगळं आहे. झेंडूचा रस लागलेल्या कातडीला उन्हात त्रास होऊ शकतो. दसरा-दिवाळीत घरात झेंडू असतोच, म्हणून सांगितलं.

मासुंदा

मध आणि केळीच्या पानाचं काय? ते तर हॉस्पिटलात वापरतात म्हणे.

पारसिक

वापरलं आहे, आणि आपल्याच राज्यात. पण कसं वापरलं ते बघा.

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मधाच्या पट्ट्यांचा अभ्यास केला, तो 1991 साली छापून आला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्ट्या वापरल्या. पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, पट्टी बदलताना रुग्ण कळवळत नाही. आणि 1980च्या दशकात मुंबईत डॉ. केसवानी यांनी बटाट्याची साल वापरली: उकडलेल्या बटाट्याची साल, जाळीच्या कापडावर बसवून, निर्जंतुक करून. कच्च्या बटाट्याचा कीस थापणं आणि हे यांचा काही संबंध नाही. कीस नुसता गार लागतो, वाळला की चिकटतो आणि काढताना कातडी घेऊन येतो.

या कामांत सामान निर्जंतुक केलेलं होतं किंवा जखम रोज डॉक्टरांच्या डोळ्यांखाली होती. क्लबहाउसच्या ओट्यावर यांतलं काहीच नाही. घरातल्या बाटलीतला मध निर्जंतुक नसतो. जखमांसाठी वेगळा, किरणांनी निर्जंतुक केलेला मध मिळतो, तोही डॉक्टरांनी सांगितला तर. केळीच्या पानावर शेतातली माती, ट्रकमधली धूळ. म्हणून कागदावर दोन्ही नकोत.

औषधवाला_पाचपाखाडी

केळीच्या पानाचं काम करणारी वस्तू मेडिकलमध्ये तयार मिळते: व्हॅसलीनची जाळी, म्हणजे पॅराफिन गॉज, पाकीटबंद आणि निर्जंतुक. महाग नाही. डब्यात हे ठेवा:

व्हॅसलीनच्या जाळीची 4-5 पाकिटं, निर्जंतुक गॉजची तेवढीच, दोन इंची रोलर बँडेज 2, कागदी चिकटपट्टी, गोलटोकी कात्री, सलाइनची 100 मिलीची बाटली आणि पॅरासिटामॉल 500. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

बांधायची रीत: जागा गार झाली, हलकेच टिपून कोरडी केली, की जाळी एकपदरी ठेवा, वर गॉजच्या दोन-तीन घड्या, वर सैल बँडेज. पुढे सूज येणार आहे, म्हणून बँडेजखाली एक बोट सरकलं पाहिजे. बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा, नाहीतर ती एकमेकांना चिकटतात. पट्टी दोन दिवसांनी बदला, ओली किंवा मळकी झाली तर लगेच. चिकटली असेल तर ओढू नका, सलाइनने भिजवा आणि पाच मिनिटं थांबा. काहीच नसेल तर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म चालते: रोलचा पहिला वेढा टाकून द्यायचा आणि पुढची पट्टी जखमेवर नुसती ठेवायची, गोल आवळायची नाही. चेहऱ्यावर नको.

फोड फोडू नका. त्याखालचं पाणी आणि वरचं कातडं ही शरीराने स्वतः बांधलेली पट्टी आहे. आपोआप फुटला तर सलाइनने धुवून वर जाळी.

पांढऱ्या मलमाबद्दल (सिल्व्हर सल्फाडायझिन) रोज विचारतात. साध्या चटक्याला ते लागत नाही. सल्फाची अॅलर्जी असेल, दिवस भरत आले असतील किंवा बाळ अगदी लहान असेल तर ते धोक्याचं, आणि त्याचा पांढरट थर बसला की जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. पिवळ्या मलमाने आणि हळदीने नेमकं हेच होतं. रंग चढला की लाल, गुलाबी, पांढरं यांतला फरक कळत नाही, आणि खोली त्यावरूनच ओळखतात.

खारेगाव_टोलनाका

टूथपेस्टचं एका ओळीत सांगा कुणी.

औषधवाला_पाचपाखाडी

पुदिन्याच्या अर्काने गार वाटतं, खाली उष्णता कोंडते, फेसाचं रसायन आणि घासायची पूड उघड्या कातडीला झोंबते, आणि दवाखान्यात ती खरवडून काढावी लागते. कणीक, चहापूड, शाई, अंड्याचा बलक-पांढरा, दही या सगळ्यांना शेवटचं वाक्य लागू. अंड्यातून जंतुसंसर्गही होतो.

वैद्य_नेरूळ

तेल-तुपाचं राहिलं होतं. ताज्या चटक्यावर खोबरेल किंवा तूप लावलं की वर झाकण बसतं आणि आतली उष्णता आतच राहते. चुन्याची निवळी आणि खोबरेल समसमान घुसळून पांढरं मलम करतात, त्याचंही तेच. शिवाय निवळी चांगलीच तीव्र अल्कली असते, सोललेल्या कातडीला ती नको.

मात्र कातडी पूर्ण बंद झाल्यावर, म्हणजे पाझर थांबला, खपली आपोआप गेली आणि नवी गुलाबी कातडी आली की याच गोष्टी कामाच्या. तेव्हा कोरडेपणाने खाज सुटते. खोबरेलाचे दोन थेंब, दिवसातून दोनदा, हलक्या बोटाने.

शतधौत घृत याच टप्प्यावर. थोडंच करा: 50 ग्रॅम गाईचं साजूक तूप, तांब्याची परात, उकळून गार केलेलं पाणी. एका वेळी साधारण तुपाएवढंच पाणी घालून तळहाताने एका दिशेने फेसा, पाणी गढूळलं की ओतून टाका, नवं घाला. असं शंभर वेळा. वीस-पंचविसाव्या धुण्यापर्यंत तूप दाणेदार, पिवळसर असतं, मग फिकट होत जातं, आणि शेवटी लोण्यासारखं पांढरं, हलकं होतं, बोटावर घेतलं तर ओघळत नाही आणि तुपाचा वासही फारसा उरत नाही. बिघडतं ते शेवटच्या पाण्याने: नीट निथळलं नाही तर आत पाण्याचे थेंब राहतात आणि आठ-दहा दिवसांत खवट वास येतो. म्हणून शेवटी परात तिरकी ठेवून पूर्ण निथळू द्या, फ्रीजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्याने काढा. उघड्या जखमेवर हे लावायचं नाही, कारण शंभर वेळा हात लागलेली वस्तू निर्जंतुक असू शकत नाही.

पारसिक

आता कागदाचा दुसरा अर्धा भाग: घरी काहीच करत न बसता, पाणी घालून निघायचं कधी.

भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराच्या सुमारे 1 टक्का. फोड आलेली जागा त्याहून मोठी असेल तर दवाखाना. चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा, जननेंद्रिय असेल तर लहान असली तरी. अंगाला गोल वेढा घालून भाजलं असेल तर. जागा पांढरी, करडी, चामड्यासारखी असेल आणि दुखत नसेल तर सगळ्यात आधी. न दुखणं ही चांगली खूण नव्हे, तिथले मज्जातंतू जळलेले असतात. पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई, मधुमेही: यांना लहान चटक्यालाही दाखवा. मधुमेह्याच्या पायाला चटका बसलेला त्याला कळतही नाही.

विजेचा झटका नेहमीच दवाखाना, वर खूण तीळभर दिसली तरी. अॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रव उडालं तर 20 मिनिटांवर थांबू नका, पाणी सोडतच राहा आणि कुणाला तरी गाडी बघायला पाठवा. कोरडा चुना मात्र आधी कोरड्या फडक्याने झटका, मग पाणी.

108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. मोठं भाजलं असेल तर ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, ठाण्याहूनही जवळ पडतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारतील, ते आठवून ठेवा.

दुखण्यासाठी मोठ्यांना पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी, पुढची सहा तासांनी. मुलांना वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. अॅस्पिरिन मुलांना नाही.

गच्चीबाग

फराळात पाकाचा चटका वेगळा असतो, तो लिहिला का?

पारसिक

बरं आठवण केलीत. रव्याच्या लाडवांचा पाक 100 अंशांच्या वर जातो आणि कातडीला चिकटून बसतो, तेलासारखा ओघळत नाही. हाताने किंवा फडक्याने पुसायला गेलं की कातडी सोलते. थेट पाण्याखाली. पाण्यात तो विरघळतो, आपोआप सुटतो. तळणीचं तेल 170-180 अंशांचं असतं, पण थेंब छोटे असतात. ठिपके ठिपके भाजतं, आणि त्यात एखादा थेंब डोळ्याजवळ गेला की दवाखाना.

वाफेचा चटका दिसतो त्याहून जास्त असतो. वाफेचं पाणी होताना ती भरपूर उष्णता कातडीत सोडते. कुकर किंवा मोदकपात्र उघडताना झाकण आपल्या बाजूने नाही, पलीकडच्या बाजूने उचला.

मासुंदा

किती दिवसांत बरं व्हायला हवं?

पारसिक

नुसतं लाल असेल तर आठवड्याच्या आत. फोड आलेलं दोन-तीन आठवड्यांत. त्यापुढे गेलं तर डाग-व्रण राहण्याची शक्यता वाढते, दाखवून घ्या. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरली, वास किंवा पू आला, ताप आला तर त्याच दिवशी. मुलाला ताप, पुरळ, उलट्या-जुलाब यांतलं काही झालं तर जखम कितीही छोटी असो, थांबू नका.

नवी कातडी उन्हाने काळवंडते. वर्षभर ती झाकून ठेवा किंवा 30 च्या वरचं सनस्क्रीन लावा. लिंबू लावून डाग जात नाही. लिंबाचा रस आणि ऊन मिळून नवा डाग पडतो.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लबहाउसचा नळ आज दुपारी एक वाजता सोडून पाहिला, पहिली चार मिनिटं पाणी कोमट येतं. म्हणून ओट्याखाली सावलीत दोन भरलेल्या बादल्या, झाकण आणि मग, रोज सकाळी पाणी बदलून. कोरफडीची कुंडी सोसायटीच्या बागेतली आहे, पान मोडून खात्री केली: जेली निघाली, धागे नाहीत. कागदाचा मसुदा रविवारी इथे टाकतो.

खारेगाव_टोलनाका

बादल्यांवर मोठ्या अक्षरात "फक्त चटक्यासाठी" लिहा. नाहीतर दुपारपर्यंत कुणीतरी त्यात तेलकट झारे बुडवतं, आणि ते पाणी मग जखमेवर घालता येत नाही.